परीक्षेचा कौल

"बोटीवरची सवय, मास्तरानू," म्हणत तो पाय फाकवून उभा राहायचा. आमच्या आळीत कधी आला असाल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. एक हात कुंपणाच्या दगडी गडग्यावर, एक कमरेवर, आणि जमीन आत्ता कलंडणार अशा बेताने टाकलेली पावलं. तरुणपणी कित्येक वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होता, त्यामुळे आम्हाला ते पटायचं. "अरे, बोट सोडून किती वर्षं झाली, अजून हलतोस?" असं मी चिडवायचो. तो नुसता हसायचा.

बोट त्याने सोडली ती थोरल्या भावासाठी. भावाचे आधी पाय गेले, मग हात, मग बोलणं. रत्नागिरी झालं, कोल्हापूर झालं, मुंबई झाली. जेवढे डॉक्टर तेवढी आजाराची नावं. वहिनी आधीच गेलेली, त्यामुळे भाऊ गेल्यावर शाळकरी पुतणी याच्या पदरात आली. लग्नाचं त्याने मनातही आणलं नाही. तिच्या दोन वेण्या मात्र जहाजाचा दोर वळावा तशा घट्ट घालायचा, आणि ती बिचारी दिवसभर भुवया ताणून माझ्या वर्गात बसायची.

ती एमबीबीएस झाली तेव्हा त्याने मासेवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना तिच्यापुढे नाडी दाखवायला बसवलं. "बाय, बघ गो जरा," एवढंच म्हणायचा आणि स्वतः मात्र लांब उभा राहायचा.

घोळ झाला तो पुढच्या परीक्षेचा. साधी एमडी केली तर तीन वर्षांत ती रत्नागिरीला परत येणार. पण तिला एमडी आणि पीएचडी एकत्र करायची होती. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी, अभ्यास वेगळा, संस्था लांब आणि वर्षं दुप्पट. "औषध देणं वेगळं आणि रोग शोधणं वेगळं. बाबांचं काय झालं ते मला कळायला हवंय, सर," ती म्हणाली. आणि तरी तिचं ठरत नव्हतं. काकाकडे बघायची आणि भरायला घेतलेला अर्ज मिटून ठेवायची.

तो माझ्याकडे यायचा. "मास्तरानू, कुठची परीक्षा देऊ दे तिला?" मी दहावीला शास्त्र शिकवणारा माणूस, बेडकापलीकडे माझी मजल नाही. मी काय सांगणार? तो संध्याकाळी म्हणायचा, "साधीच बरी." सकाळी म्हणायचा, "मोठीच देऊ दे." एकदा मी वैतागलो. "काय ते एकदा ठरव बाबा!" तर म्हणाला, "देवालाच इचारू या."

कौल लावायला आम्ही तिघं ग्रामदेवतेच्या देवळात गेलो. आमच्याकडे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याआधी गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. त्याने गुरवाच्या कानात प्रश्न सांगितला. परीक्षांची नावं गुरवाला कशी झेपणार, याचंच मला हसू येत होतं.

"बा देवा महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तुझं लेकरू दारात आलंय महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"भावाचा आजार त्याच्या पायात उतरलाय महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"तोच आजार पोरीच्या अंगात हाय काय, ता सांग महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळं देऊळ म्हणालं. सवयीने मीही म्हणालो.

"व्हय म्हणू नका रे!" तो ओरडला, आणि तोल जाऊन खांबाला धडकला.

पाकळ्या चिकटून राहिल्या. उजवी नाही आणि डावीही नाही. तिने त्याला धरून बाहेर पायरीवर बसवलं.

"तुझी चाल मी कधीपासून बघतेय. डॉक्टर आहे ना मी, काका."

"मंग बोललीस का नाय गो?"

"तू बोटीची सवय म्हणायचास. मला तेच खरं व्हायला हवं होतं."

"तुझ्यात हाय काय, बाय?"

"घराण्यात उतरणाऱ्या आजारांची रक्ताची तपासणी असते. मी केली नाही. आजार निघाला, तरी त्यावर औषध नाही अजून." मग त्याचे पाय चेपत ती म्हणाली, "मोठी परीक्षा देते."

तो लहान मुलासारखा रडला. ती रडली नाही, ते मला जास्त सोसवेना. मी आपला चपला शोधत राहिलो.

ती परीक्षा पास झाली. जाण्याआधी तिने त्याचं रक्त मागितलं. जीभ वळत नव्हती तरी म्हणाला, "घे सगळा." पुढे अंथरुणाला खिळला तेव्हा आळीने आळीपाळीने त्याला भरवलं. तिने अभ्यास सोडून यायचं म्हटलं की तो फोनवरच रागवायचा. काय बोलतोय ते आम्हाला कळायचं नाही, पण राग कळायचा. गणपती उठले आणि चार दिवसांत तो गेला.

परवा तिचा फोन आला. "सर, काका इथेच आहे, प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये," ती हसत म्हणाली. "त्याच्या रक्ताच्या नळीशेजारी माझीही नळी ठेवलीय."

"तपासलीस?"

"नाही. काकाची तपासून झाली की पुढची पाळी माझीच."

कलमांना यंदा मोहोर चांगला आलाय, एवढंच मी तिला सांगितलं.