कुसुमताईंनी शोधलेले आजोबा

वणीहून फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी गच्चीवर तुरीच्या डाळीला ऊन दाखवत होते. फोन कुसुमताईंच्या शेजारणीचा होता. "ताईनं आज दार नाई उघडलं जी," एवढंच ती म्हणाली. कुसुमताई म्हणजे माझ्या नणंदबाई. आयुष्यभर नर्स म्हणून दुसऱ्यांच्या दारात वेळी-अवेळी उभ्या राहिलेल्या. त्यांचं स्वतःचं दार मात्र शेजाऱ्यांना ढकलून उघडावं लागलं. झोपेतच गेल्या. वणीत खिडकीच्या कठड्यावर कोळशाची काळी धूळ सकाळ-संध्याकाळ साचते. आम्ही पोचलो तेव्हा कुणीतरी ती पुसून ठेवली होती. पाहुणे येणार म्हणून.

त्यांनी लग्न केलं नाही. नोकरीची बरीच वर्षं मुकुटबनच्या पलीकडं, कोलाम आदिवासींच्या पोडांवर गेली. पोड म्हणजे कोलामांची छोटी वस्ती. पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन नाले ओलांडायच्या, बाळंतपणं करायच्या, कामापुरती कोलामी बोलायलाही शिकल्या होत्या. एखादी माय धावत आली, पोराला ताप आहे म्हणाली, तरी आधी स्वतः कपाळावर हात ठेवून पाहायच्या. "सांगीवर औषध देत नसतो आपन," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हा स्वभाव पुढं आमच्या घराण्याच्या मुळावरच येईल, असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

आमच्या सासरी एक गोष्ट पिढीजात सांगितली जायची. कुसुमताईंचे आजोबा वर्धा नदीपलीकडच्या एका देशमुखाचे धाकटे पुत्र. भावांशी बिनसलं म्हणून पांढऱ्या घोडीवर बसून निघाले, ते बाभुळगावकडं येऊन स्थायिक झाले. त्यांच्या डाव्या हाताला सहा बोटं होती. हे सहावं बोट पुढं कुसुमताईंच्या वडिलांना आलं, थोरल्या भावालाही आलं. घरात त्याला राजयोग म्हणत. हे थोरले भाऊ म्हणजे माझे भासरे, थोरले दीर. आम्ही सगळे त्यांना दादाजी म्हणतो. म्हातारपणी दादाजींनी मनावर घेतलं, की सगळ्या कुळाचं संमेलन भरवायचं आणि वंशावळ छापून घरोघरी वाटायची. कुसुमताई तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. "छापाच्या आधी पाहू तर दे, दादा," त्या म्हणाल्या. दादाजी हसले. "पाह्य ना. घोडीच्या टापा मोजून ये."

सोबतीला मी जात असे. माझे यजमान गेल्यावर घर खायला उठायचं, कुसुमताई फोन करायच्या आणि म्हणायच्या, "चाल, आजोबा शोधू." नदीपलीकडच्या त्या गावी आम्ही गेलो. देशमुखांच्या घरच्यांनी चहा पाजला, मानानं बसवलं, त्यांची माणसं एकेक करून सांगितली. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा त्यांच्यात कुणी नव्हताच. मग यवतमाळला जुनी कागदपत्रं पाहिली. इंग्रजांच्या अमदानीतली मोडीतली नोंद एका जाणकारांकडून वाचून घेतली. शेत आजोबांच्या नावावर चढलं होतं खरं, पण एका निपुत्रिक कास्तकाराचा दत्तक म्हणून. जन्मदात्या बापाच्या नावाची जागा कोरी. परतीच्या बसमध्ये कुसुमताई एकदम म्हणाल्या, "शोभा, एक गोष्ट मी तीस-पस्तीस वर्षं मनात ठेवून राह्यली..."

आजोबा त्या लहान असतानाच गेले. पण ते स्वतः पाळणा हलवत, नातवंडांना गाणं म्हणून झोपवत, हे सगळ्यांच्या आठवणीत होतं. पुरुषमाणसानं असं करणं तेव्हा विरळाच. त्या गाण्याचे शब्द घरात कुणालाच कळायचे नाहीत. म्हाताऱ्याचे गमतीचे बोल म्हणून सगळ्यांनी तसेच पाठ केले होते. आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पोडावरच्या एका बाळंतिणीच्या झोपडीत, कुसुमताईंनी तेच गाणं ऐकलं. म्हातारी सासू बाळाला मांडीवर घेऊन गात होती. शब्द तेच, चाल तीच. "हातातली कात्री खाली पडली माही," त्या म्हणाल्या. "तेव्हा का नाही सांगितलं?" मी विचारलं. "गानं म्हंजे काही पुरावा नाई. गानं वाऱ्यावरही येते."

पुराव्यासाठी आम्ही त्या पोडावर गेलो. ज्या झोपडीत गाणं ऐकलं होतं, तिथंच त्या गाणाऱ्या म्हातारीचे लेक लच्चूबाबा भेटले, आता स्वतःच वृद्ध झालेले. जुन्या नर्सबाईंना त्यांनी लगेच ओळखलं, बाज टाकली. पीकपाण्याच्या गोष्टी झाल्यावर कुसुमताईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, तुमची आजी जुन्या दुष्काळाचं काही सांगे का?"

"सांगे ना. इंग्रजाच्या राज्यातला थो. लोकं रस्त्यानं मरून पडत. माह्या आजीले एक पोरगं भेटलं, मेलेल्या मायजवळ बसून होतं. आजीनं उचललं. माह्या बापासंगच वाढवलं."

माझ्या तोंडातून बोटाचा प्रश्न निघणारच होता. कुसुमताईंनी माझा गुडघा दाबला. उत्तर आपण सुचवायचं नाही, हे मला त्यांनी वाटेतच बजावलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोराची काही निशानी?"

लच्चूबाबांनी डावा हात वर करून करंगळीच्या बाजूला उजव्या हाताचं बोट टेकवून दाखवलं. "अठी. अठी एक जास्तीचं होतं. आजी म्हने, देवानं उपाशी लेकराले एक बोट जास्ती देल्लं, चाटाले."

पुढची हकीकत त्यांनीच सांगितली. बाभुळगावकडचा एक कास्तकार बैल घ्यायला आला, त्याला मूलबाळ नव्हतं. इथं कंद खाऊन जगेल, तिथं भाकर मिळेल, म्हणून आजीनं काळजावर दगड ठेवून पोर दिलं. "पुन्हा थो नाई आला. आजी मरेपर्यंत वाट पाहे."

कुसुमताईंनी त्यांचा हात हातात घेतला. "थो नाई आला, बाबा. मी आली."

मी त्यांना रडताना पाहिलं ते त्या एकाच दिवशी.

दादाजींना हे सांगणं मात्र जड गेलं. ते ओरडले नाहीत, पण चेहरा उतरला. "म्हंजे आपन कोनाचे? मायबाप कोन, जात कोन्ती, काहीच नाई? सोयरिकीत लोकं काय म्हनतीन? कायले उकरलं हे?" मला त्यांचा राग आला नाही, आजही येत नाही. घोडीची गोष्ट त्यांच्या वडिलांनी त्यांना मांडीवर बसवून सांगितली होती. तिच्या जोरावर ते गावात ताठ मानेनं चालले होते. कुसुमताई हळूच म्हणाल्या, "दादा, त्या मेलेल्या मायचं नावही आता कोनाले सांगता नाई येत. पन उचलनारीचं सांगता येते. पोचूबाई." दादाजी उठून आत गेले. संमेलन झालं नाही. भाऊ-बहिणीचं बोलणं तुटलं. कुसुमताई वरवर हसण्यावारी न्यायच्या, पण एका दिवाळीला फराळाचं ताट पुढ्यात तसंच ठेवून म्हणाल्या, "आजोबा भेटले, आन भाऊ हरवला..." पोडावर जाणं त्यांनी सोडलं नाही. लच्चूबाबांच्या नातसुनेची दोन्ही बाळंतपणं निभावायला त्याच पुढं होत्या.

कुसुमताईंची तेरवी, तेराव्या दिवसाचं जेवण, दादाजींच्या बाभुळगावच्या घरी झाली. लच्चूबाबा, त्यांची सून आणि पोडावरची काही माणसं जीप करून आली. अंगणाबाहेर लिंबाखाली उभी राहिली, कुणी आत या म्हणेपर्यंत. मी उठणार, तोच दादाजी उठलेले दिसले. काठी टेकत ते लिंबाखाली गेले. लच्चूबाबांनी त्यांचा डावा हात हातात घेतला, करंगळीजवळ अंगठा फिरवत राहिले... दादाजींनी हात काढून घेतला नाही. मग म्हणाले, "चाल, बस माह्याजवळ." पंगतीत दोघं शेजारी बसले. बहीण असताना हे व्हायला हवं होतं, हे त्या वेळी सगळ्यांच्याच मनात होतं.

परवा आम्ही जीप करून वणीची खोली रिकामी करायला गेलो. भांडी-कपडे वाटून झाले. दारामागं त्यांचा घडीचा स्टूल होता. गुडघ्यांमुळं त्यांना खाली बसवत नसे; ज्याच्या अंगणात जायच्या तिथं हा स्टूल उघडून बसायच्या आणि समोरच्याला बोलतं करायच्या. कापडाची बैठक त्यांच्या अंगाला बेतल्यासारखी खाली झोळली आहे. दादाजींनी तो उघडला, जपून त्यावर बसले आणि खिडकीबाहेरून जाणाऱ्या ट्रककडं पाहिलं. मग मला म्हणाले, "शोभा, पोचूबाईले कुठी गाडलं, थे दाखवतीन का कोनी?"

"लच्चूबाबा दाखवतील," मी म्हटलं.

त्यांनी स्टुलाची घडी केली, तो काखेत धरला आणि जीपकडं निघाले.