संध्याकाळच्या विमानाची रेघ

आत्याचा हात भारी चिकट. घरी साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायची, आणि विमान कंपनीच्या कचेरीत उड्डाणांचे मार्ग आखताना इंधनाचा थेंबही वाया जाऊ द्यायची नाही. विमान उंचावरून गेलं की सहसा इंधन कमी लागतं, म्हणून ही बाई जमेल त्याला वर चढवायची. कचेरीत तिला सगळे 'कात्री' म्हणायचे आणि तिला त्याचं कोण कौतुक!

घरात मात्र या कात्रीला कुणी भीक घालत नव्हतं. भाची शाळेतून काहीबाही शिकून यायची आणि म्हणायची, "आत्या, तुझी विमानं जग तापवतात." आत्याला ते फार लागायचं.

त्या दुपारी दुसऱ्या शहरातून कॅप्टनचा फोन आला. संध्याकाळची फेरी त्यांची, आत्याच्या गच्चीवरूनच जाणारी. म्हणाले, "बाई, आज मला जरा खालून नेता का? वर गार, दमट हवेचा थर आहे. त्यातून गेलो की मागे रेघ राहते."

आत्याला ते ठाऊक होतं. धुरातली वाफ तिथे गोठून बर्फाचे कण होतात आणि रेघ पसरत पसरत ढगाची चादर होते. दिवसा ती थोडं ऊन तरी परतवते. सूर्य मावळला की मात्र जमिनीची ऊब अडवून धरणं एवढंच तिचं काम. आधीच तापलेल्या जगावर आणखी एक पांघरूण! खालून जायला इंधन थोडं जास्त लागणार होतं, पण असल्या संध्याकाळी ते परवडलं. "नेते की!" आत्या म्हणाली आणि आराखड्यात उंची कमी केली. लगेच घरी फोन करून भाचीला सांगितलं, "आज गच्चीवर ये. माझं विमान रेघ न ओढता जाईल बघ."

घरी निघण्याआधी सगळ्या आराखड्यांवरून शेवटचा हात फिरवायची तिची जुनी सवय. एका ठिकाणी इंधन जास्त दिसलं. डोकं घरी पोचलेलं, हात तेवढा कामावर. तिने विमान वर चढवलं, आराखडा पाठवला आणि पर्स उचलली.

गच्चीवर दादा, वहिनी, भाची असे सगळे जमले होते. विमान आलं, आणि मागून ही लांबलचक पांढरी रेघ! निघताना आपण काय करून बसलो ते आत्याला त्या क्षणी आठवलं.

"आत्या, तू तर म्हणालीस..." भाचीचं तोंड एवढंसं झालं.

"हे कॅप्टन लोक ऐकतात का कुणाचं!" आत्या बोलून गेली.

"शिष्ट असतात मेले," वहिनी म्हणाली आणि आत्याने चक्क मान डोलावली. वर रेघ फुगत, पसरत गेली. तिला मान वर करवेना. शरमेने कानशिलं तापली होती.

दुसऱ्या दिवशी तिने कॅप्टनना फोन लावला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तुम्ही पुन्हा वर नेलंत, म्हणजे तो थर सरकला असणार असं मी धरलं. तुम्ही उगीच बदलायच्या नाहीत."

"नाही हो, चूक झाली माझी."

"होतं असं. आज नेऊ खालून."

गच्चीवर काय बोलली, ते सांगायला तिची जीभ रेटली नाही.

संध्याकाळी विमान आलं आणि गेलं. आभाळ स्वच्छ. भाचीने टाळ्या पिटल्या. "आज ऐकलं म्हणायचं तुझ्या त्या खडूस कॅप्टनने!"

दादा हसला, वहिनीही हसली. आत्याला गप्प बसता आलं असतं. भाचीकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून ती कठड्याशी बोलल्यासारखी बोलली.

"कालही त्यांनी ऐकलंच होतं गं. माझंच ऐकलं होतं."