पोळ्याची पोळी

गाईच्या खुरांवर पोटॅशचं लाल पाणी ओतताना तिच्या लाळेचा आंबूस वास आला आणि माझे हात थांबले. कंबर सकाळपासून ठणकत होती. लाळ्या-खुरकूत दिसली की जनावर वेगळं बांधायचं, त्याची बादली वेगळी ठेवायची, हे आता मला झोपेतही येतं. तेव्हा येत नव्हतं.

सोनपेठजवळच्या या सासरी तो माझा पहिला पोळा. झूल घातलेल्या हरण्याला मी पुरणपोळी दिली. त्यानं ती तोंडात धरली आणि तशीच खाली टाकली. तुपाबरोबर पोळीवर लाळेची तार होती, जरासं रक्तही. जीभ चावली असेल, असं मला वाटलं. नैवेद्याची पोळी मातीत कशी टाकायची? मी ती पदरानं पुसली आणि त्याच्या जोडीच्या पवळ्याला भरवली.

सासूबाई दारातून बघत होत्या. मामंजींना म्हणाल्या, "पोरगी शहानी हाय. अन्न वाया जाऊ देत न्हाई."

चार-पाच दिवसांत पवळ्याच्या खुरांत फोड आले. मग सगळा गोठाच लंगडायला लागला. धाकटं वासरू तर उभ्या उभ्या कोसळलं आणि गेलंच. "एका दावणीला बांधल्यावर पसरणारच," डॉक्टर म्हणाले. असेलही. पोळीवरच्या लाळेचं मी कुणालाच सांगितलं नाही.

"आत्याबाई, बसा जरा. लय दमलाव," सून म्हणाली आणि तिनं माझ्या हातातली बादली घेतली.

मी साबणानं हात धूत राहिले. या घरात मला मिळालेली पहिली शाबासकी त्या पोळीचीच होती.