बुरशीचं गांडूळ झालं तेव्हा

माझी आत्या प्रयोगशाळेत बुरशी वाढवते. काचेच्या चपट्या बश्यांत, पोटच्या पोरीसारखी. पण आता नुसतं वाढवून भागेना. बुरशीच्या डीएनएची अक्षरं काढून आणायची आणि ती कुणाची आहेत हे कॉम्प्युटरवर जुळवून बघायचं, असे दिवस आले. विभागाच्या मॅडमनी तीन दिवसांचा वर्ग लावला आणि शेवटी परीक्षा. "जमेल ते वर, माझ्या गटात. नाही जमणार ते खाली, भांडी धुण्याच्या खोलीत."

खाली म्हणजे आत्याच्या हातून बुरशी सुटली.

वर्गात शिकवणारे सर सुसाट सुटायचे आणि मध्येच वळून विचारायचे, "कळलं?"

"हो हो," आत्या म्हणायची. सगळं डोक्यावरून गेलेलं असायचं, पण मान हलायची.

परीक्षेत पहिलं काम सोपं होतं. फाइलमध्ये अक्षरांचे किती तुकडे आहेत ते मोजायचं. आत्याने काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिली, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसली. पडद्यावर एक चौकोन लुकलुकत राहिला.

शेजारी माशांवर काम करणारी तिची मैत्रीण होती, सगळे तिला मासोळी म्हणतात. ती कुजबुजली, "अगं, तुझं काहीच होत नाहीये."

"होतंय. आत चाललंय."

"कशावरून?"

"गप्प आहे म्हणून. बुरशी वाढायला ऊबपेटीत बशी ठेवली की दार उघडून बघतेस का सारखी? बिघडतं."

सर फिरत फिरत आले. "तुम्ही कशाची वाट बघताय?"

"ह्याची."

"तो तुमची बघतोय! मोज म्हणालात, काय मोजू ते सांगितलंच नाहीत. फाइलचं नाव कुठाय?"

मासोळी टेबलाखाली वाकून हसली. अर्धा वेळ असा एकमेकांची वाट बघण्यात गेला होता.

दुसरं काम खरं. आपल्या बुरशीची अक्षरं जगभरच्या साठ्याशी जुळवायची आणि नाव लिहून द्यायचं. आत्याने घाईघाईत जुळवणी केली. समोर नावांची लांबच लांब रांग आली. कोणतं उचलायचं? शेजारी टक्के दिसले. तिने टक्क्यांवर क्लिक केलं, तर जास्त टक्केवाले आपोआप वर आले. पहिला नंबर, शंभर टक्के: गांडूळ.

आत्या बघतच राहिली. मग तिला वाटलं, इतकं मोठं यंत्र कशाला खोटं बोलेल? आपलंच काहीतरी चुकत असेल. तिने 'गांडूळ' लिहून कागद दिला.

संध्याकाळी मॅडमनी एकेकाला आत बोलावलं.

"इतकी वर्षं तुम्ही बशीत गांडूळ वाढवत होतात?"

"नाही हो मॅडम. पण शंभर टक्के म्हणाला तो."

"तुमची अक्षरं आहेत सहाशे. त्यातली जेमतेम तीस गांडुळाशी जुळली. तेवढी अगदी तंतोतंत, म्हणून शंभर. अशी तीस अक्षरं कुणाचीही सापडतील. कळलं?"

आत्याची मान हलायला लागली होती. ती मध्येच थांबली.

"नाही."

"काय नाही?"

"नाही कळलं. तीसच जुळली तर शंभर कसे? आणि मग उरलेल्या पाचशे सत्तर अक्षरांना कुणी विचारायचंच नाही का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तीन दिवस 'हो हो' करत होतात ना? हे तेव्हाच विचारायचं. परीक्षेत तुम्ही नापास आहात, त्यात शंका नाही. पण असं विचारत राहणार असाल तर सोमवारी वर या. महिनाभर बघते. पुन्हा न कळता मान हलवलीत, तर त्या दिवशी खाली."

घरी आतोबा दारातच उभे होते. "काय झालं? पास की नापास?"

"नापास."

"अरेरे! म्हणजे खाली?"

"नाही, वर."

"नापास होऊन वर?"

"मलाही नीटसं नाही कळलं. तुम्ही आधी हे सांगा. सहाशे पानांच्या पुस्तकातली तीस पानं दुसऱ्या पुस्तकाशी शब्दन् शब्द जुळली, तर ते किती टक्के?"

आतोबांनी बराच विचार केला. "पुस्तक कुठलं?"

"अहो, कुठलंही!"

"हो हो," आतोबा म्हणाले आणि मान हलवत आत गेले.

"थांबा!" आत्या चप्पल न काढताच त्यांच्यामागे गेली. "खरंच कळलंय का तुम्हाला? मग मला सांगा ना!"