पायलीभर नाचणी

महाडच्या बाजारपेठेच्या टोकाला एका डॉक्टरांचा दवाखाना होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी तिथे कंपाउंडर होतो. दवाखान्याच्या दारावरचा दरांचा फळा माझ्या हाताने रंगवलेला होता. त्या फळ्याबद्दल मी घरात आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोला एवढंच ठाऊक आहे की माझी मोठी बहीण धनुर्वाताने गेली.

फळा लागण्याआधी तिथला व्यवहार दोन तऱ्हांनी चाले. ज्यांच्याकडे रोख असे ते रोख देत. डॉक्टर आधी विचारत, "परतीच्या गाडीचे बाजूला काढलेत का?" मग उरलेल्यातून काय ते घेत. दुसरी तऱ्हा डोंगरातल्या घरांची. सुगी झाली की एकेक घर पायलीभर भात नाहीतर नाचणी आणून टाकी, आणि वर्षभर त्या घरातलं कुणीही आजारी पडलं तरी डॉक्टर बघत. ताप येवो, विंचू चावो, वेगळं काही मागत नसत. घरात कुणी आजारी पडलं नाही त्या वर्षीही पायली यायची. एक म्हातारा दर साल ठणठणीत यायचा, भात ओतायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर, यंदा पण तुमीच जिंकलात."

मला ही पद्धत सलायची. मी बौद्धवाडीतला. धर्मांतराच्या आधी माझा बाप सुगीला खळ्याखळ्यावर बलुतं मागायला उभा राहिलेला. खळ्याच्या कडेला, हात बांधून, देणाऱ्याच्या मर्जीची वाट बघत. ते आम्ही सोडलं. आणि इथे पुन्हा तेच धान्य, पुन्हा तीच मर्जी. त्याच सुईचे एकाकडून दोन रुपये, दुसऱ्याकडून पाच, तिसऱ्याकडून काहीच नाही. आमच्या वाडीत बहुतेकांना जमीनच नव्हती, ते पायली कुठून आणणार? आत बोलावलं की काय मागतील या धास्तीनेच आमची माणसं अर्धी होत. सगळ्यांना एकच दर असावा आणि तो दारावर लिहिलेला असावा, हे मला न्यायाचं वाटत होतं. आजही ते चूक होतं असं मला म्हणता येत नाही. चूक म्हणता आलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं.

मी वर्षभर डॉक्टरांच्या मागे लागलो.

"अरे, दर बघून माणूस दारातूनच पळेल," ते म्हणाले.

"दर ठाऊक नसतो म्हणून पळतात, साहेब."

"लिही बाबा. पण कुणी भांडायला आलं तर तू निस्तर."

पत्र्याच्या फळ्याला काळा रंग दिला आणि वर पांढऱ्या रंगाने अक्षरं काढली. तपासणी, सुई, जखम बांधणे, सलाईन, दाखल झाल्यास एका दिवसाचे. प्रत्येकापुढे आकडा. सगळ्यात खाली ठळक लिहिलं, 'सर्वांना एकच दर. धान्य घेतले जाणार नाही.' ही खालची ओळ डॉक्टरांनी सांगितली नव्हती. ती माझी.

त्या वर्षी दिवाळी उलटल्यावर मी बहिणीकडे गेलो. तिचं सासर पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेला. एसटीतून उतरून तासभर चढण. सासरी डोंगराच्या उतारावरचा एक तुकडा होता, नाचणी होईल एवढा. बातमी माझ्याआधी पोचली होती. भावोजी ओट्यावरूनच म्हणाले, "या कंपाउंडर! आता नाडी बघून औषध देता का फळा बघून?"

जेवण झाल्यावर बहिणीने आढ्याला टांगलेलं गाठोडं खाली काढलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पायलीभर नाचणी.

"जाताना ने. जड नाय फार."

"नको गो बाय. आता धान्य बंद. फळा लागलाय."

"लागू दे. ही आमची दर सालाची हाय."

"नियम म्हणजे नियम. माझ्याच बहिणीला सूट दिली तर लोक काय म्हणतील?"

"सूट कुठं मागते रे? देतेच हाय ना मी."

मी आवाज चढवला. बापाने काय सोसलं, आपण काय टाकून दिलं, ते सगळं तिला ऐकवलं. जणू ते तिला ठाऊक नव्हतं. बापाबरोबर खळ्यावर ती जायची. मी तेव्हा तिच्या कडेवर असायचो.

तिने ऐकून घेतलं. गाठोडं पुन्हा वर टांगत ती म्हणाली, "पायली दिली ना, की मी तुझ्या डॉक्टरकडं ताठ मानेनं येते. येवढंच रे, बाकी काय नाय."

पुढे होळीच्या सुमाराला, राबासाठी झाडावरचे टहाळे तोडताना तिच्या पायावर कोयता बसला. पेरणीआधी शेताचा तुकडा भाजायला हा पाला लागतो, त्यासाठी डोंगरातल्या बाया त्या दिवसांत रानातच असतात. तिने हळद भरली, चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागली. चौथ्या दिवशी पाय सुजला तशी ती एकटीच महाडला आली. मी त्या दिवशी औषधांची खोकी आणायला पेणला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या चहावाल्याने हाक मारली.

"काय रे कंपाउंडर, काल तुझी बहीण येऊन गेली. भेटली का?"

"नाही. काय म्हणत होती?"

"म्हणते काय? अर्धा तास माझ्या बाकड्यावर बसून तुझा फळा वाचत होती. ओठ हलत होते नुसते. मग मला विचारलंन, सुई आणि बांधायचं मिळून किती होतील वो? मी सांगितलं. पदराची गाठ सोडलीन, बघितलंन, परत बांधलीन. मी म्हटलं, अगो, आत जा की, भावाचाच दवाखाना. तर म्हणते, भावाचा हाय म्हणून तर. त्यानं लिवलंय आन मीच त्यात खोट काढू? चहासुद्धा नको म्हणाली. दोनच्या गाडीने गेली."

पाय बांधलेला होता, हेही त्याने सांगितलं. मी काय म्हणालो ते मला नीट आठवतं. "येईल परत," असं म्हणालो, आणि दवाखाना उघडायला गेलो. इतकंच नाही. तिने फळा स्वतः वाचला, ह्याचा मला आनंद झाला होता. चौथीतून तिची शाळा सुटली होती, मला सांभाळायला.

आता जे सांगायचं आहे ते एवढंच. धनुर्वाताच्या सुईला त्या दवाखान्यात पैसे नव्हते. कोयता, खिळा, काटा, काहीही लागलेला माणूस आला की डॉक्टर ती सुई आधी देत आणि तिचे कुणाकडूनच काही घेत नसत. पहिल्यापासूनचा त्यांचा तसा शिरस्ता होता. पण मी रंगवत होतो दरांचा फळा. जिला दरच नाही ती सुई त्यावर लिहावी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आठवड्याने निरोप आला. डॉक्टर स्वतः कुणाची तरी जीप मागून माझ्याबरोबर आले. तिची दातखीळ बसली होती. जरा आवाज झाला की अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. तिने मला ओळखलं. हलवण्याजोगी ती राहिली नव्हती, म्हणून डॉक्टरही तिथेच थांबले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

परत येताना पोलादपूर मागे पडलं. तेव्हा डॉक्टर बाहेर बघत म्हणाले, "चौथ्या दिवशी दिली असती तरी लागू पडली असती असं नाही." ते खरं होतं की माझ्यासाठी बोलले, मला कळलं नाही. मी कधी विचारलंही नाही.

दिवसकार्य झाल्यावर भावोजींनी आढ्यावरचं गाठोडं खाली काढलं.

"तुझ्या दवाखान्याची म्हणून तिनं दळली नाय," ते म्हणाले. "मी म्हटलं, पोराबाळांना भाकरी होतील. तर नाय म्हणाली, त्याचा राग उतरंल, मग नेईल. एक कोपरा उंदरानं खाल्लाय बघ." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

ते गाठोडं मांडीवर घेऊन मी एसटीने महाडला आलो आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. ते कुणाकडचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. गाठोड्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "फळ्यावर जागा आहे का रे?"

जागा नव्हती. मी खालच्या ओळीवर काळा रंग फिरवला, तो वाळू दिला, आणि तिथे लिहिलं, 'धनुर्वाताची सुई. पैसे नाहीत.' लिहायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

पुढच्या सुगीला पायल्या पुन्हा सुरू होतील असं मला वाटलं होतं. चार-दोन घरं आली. बाकीची आली नाहीत. 'तुमीच जिंकलात' म्हणणारा म्हातारा नंतर एकदा खोकला घेऊन आला, तेव्हा त्याने फळा दुसऱ्याकडून वाचून घेतला, रोख पैसे मोजले आणि गेला.

त्या सुगीनंतरच्या उन्हाळ्यात, पावसाला थोडे दिवस राहिले असतील, तेव्हा एक बाई दारात उभी दिसली. तळव्याला खिळा लागलेला. ओठ हलवत ती फळा वाचत होती. मी हातातलं काम टाकून बाहेर आलो.

"ती खालची सुई हाय ना, ती मिळंल?"

"मिळेल. आत या."

"पैसं खरंच नाय?"

"नाही."

ती उंबऱ्याशीच थांबली. मग तिने ओटीतली पानात बांधलेली करवंदं काढली.

"मग ही तरी घ्या. तशी नाय यायची मी."

मी दोन्ही हात पुढे केले.