चौथऱ्यावरचा गेम

आमच्या ओसाकातल्या सार्वजनिक न्हाणीघरात तोमिएकाकू उंच चौथऱ्यावर बसून पैसे घ्यायच्या. तिथून बायकांची आणि पुरुषांची, दोन्हीकडची कपडे बदलायची जागा दिसायची. पण काकूंची नजर कायम हातातल्या छोट्या व्हिडिओ गेमवर. भराभर पडणारे ठोकळे रचण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, असं आम्ही पुरुष निर्धास्तपणे कपडे उतरवत म्हणायचो.

पुढे न्हाणीघर बंद पडलं. परवा काकूंच्या घरी तोच गेम दिसला. मी नवे सेल घालून त्यांच्या हातात दिला. ठोकळे भसाभस पडले आणि डाव लगेच आटोपला.

"काय काकू, हात गंजला की."

"आज पहिल्यांदाच खेळले रे. तेव्हा तुम्ही लाजू नये म्हणून नुसता धरायचे. सेल कधी घातलेच नाहीत."

मी नकळत पोट आत ओढलं.