आत्याने गॅस परत केला

माझी आत्या बसलेली मी कधी पाहिली नाही, आणि खारबावात कुणी पाहिली असेल तर त्याने तसं अजून कबूल केलेलं नाही. जेवायची ती उभ्याने, चहा प्यायची अंगणात फेऱ्या मारत, आणि घरच्या एकमेव फोटोत तिच्या जागी पदराचा एक कोपरा तेवढा आलेला आहे. ओहोटी लागली की ती खाडीच्या चिखलात उतरायची, बिळांत हात घालून निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, आणि चिंबोऱ्या धरायची आणि टोपली डोक्यावर घेऊन भिवंडीच्या बाजारात पोहोचायची. माणसं घड्याळ बघून खाडीवर जातात. आत्याकडे घड्याळ नव्हतं, पण भरतीची वेळ तिला पायांतून कळायची.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. एका तेल कंपनीची पाइपलाइन कुठेतरी फुटली आणि काळं तेल खाडीत उतरलं. भरतीने ते आत आणलं, ओहोटीने चिखलावर ठेवून दिलं. निवट्यांची बिळं डांबर भरल्यासारखी बुजली. साहेब लोक आले आणि बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले. ते पाणी त्यांना अजून पुरत असावं, कारण परत कुणी आलं नाही. आत्या मात्र रोज जायची. काठापर्यंत जायची, परत यायची, दारात टेकते न टेकते तोच पुन्हा निघायची.

मी भिवंडीत शाळेत शिकवतो, त्यामुळे कुठल्याही दुःखावर मला माहिती सुचते. तिचं सांत्वन म्हणून मी सांगितलं की परदेशात असं झालं की लोक त्या कंपनीचा माल घेणंच बंद करतात. सांगितलं, चहा संपवला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आत्याने गॅसचं सिलिंडर हातगाडीवर चढवलं, कारण तेही त्याच कंपनीचं होतं. एजन्सीतल्या माणसाने फॉर्म पुढे केला आणि विचारलं, परत करण्याचं कारण काय लिहू, बदली, मृत्यू की इतर? ती म्हणाली, मृत्यू लिही. त्याने जरा आवाज खाली आणून विचारलं, कुणाचा?

"निवट्यांचा," आत्या म्हणाली. "आनि चिंबोऱ्यांचा. सगल्यांची नावं सांगू का?"

त्याने 'इतर'वर खूण केली.

त्या दिवसापासून तिने कंपनीचं नावही टाकलं. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं, पण ते मानाने. इथे नुसतं 'ती' म्हणायची, आणि म्हणताना तोंड असं करायची की जवळच्याने दोन पावलं मागे सरावं. मग ती टमटमवाल्यांना विचारू लागली, डिझेल कुठे भरतोस? आधी ते खरं सांगायचे, मग खोटं सांगू लागले आणि शेवटी तिला लांबून बघितलं की वेग वाढवू लागले. एसटीच्या कंडक्टरने हात जोडून सांगितलं की मावशी, मला फक्त तिकिटाचं विचारा. आगगाडी विजेवर चालते म्हणून तिला चालण्यासारखी होती, पण आमच्या स्टेशनात ती येते दिवसातून मोजक्या वेळा, आणि बाकावर बसून वाट बघणं आत्याच्या हातून होणारं नव्हतं. ती पायी जायची. पूर्ण्याला पुतणीच्या लग्नालासुद्धा ती पायीच आली. अक्षता पडून गेल्या होत्या, शेवटची पंगत उठत होती. तिने उभ्यानेच दोन घास खाल्ले, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि परतीला लागली.

खरी अडचण यापुढचीच. तिचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, तो त्याच कंपनीचा टँकर चालवायचा. एके दिवशी दादाने तिला माझ्यासमोर विचारलं, आय, पाइप मी फोडला का? ती म्हणाली, न्हाय. मग तो म्हणाला, "तुझ्या एका सिलिंडरनं त्यांना कलनार बी न्हाय. आनि खरंच सगल्यांनी सोडला, तर साहेब न्हाय घरी बसनार, मी बसीन." त्याचं चूक नव्हतं. मला वाटलं आपण मध्ये पडावं, म्हणून मी आणखी माहिती दिली. एका जाणकाराने मला सांगितलं होतं की सगळ्या कंपन्या एकमेकींच्या डेपोतून तेल उचलतात, तेव्हा पंप बदलून काही साधत नाही. आत्याच्या अंगणातल्या फेऱ्या थांबल्या.

"त्यांना कलावा म्हनून न्हाय रं सोडला," ती म्हणाली. "जिनं माझी खाडी मारली, तिच्याच आगीवर भात रांधू? मना गिलत न्हाय."

दादाने रुमाल खांद्यावर टाकला आणि ड्युटीवर गेला. मीही उठलो.

पण चूल फुंकायची ती वहिनीने. लाकडं ओली, घर बुटकं, आणि तिच्या तीन वर्षांच्या मुलीला धुराने खोकला धरला. एका सकाळी वहिनी मुलीला घेऊन अंबाडीला माहेरी गेली. जाताना एक शब्दही बोलली नाही, आणि तेच आत्याला लागलं. दोन दिवस ती घरातून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर येत-जात राहिली. तिसऱ्या दिवशी उजाडताच निघाली आणि भर दुपारी अंबाडीला पोहोचली. पुढचं वहिनीने मला सांगितलेलं. पाणीही न घेता आत्याने नातीच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, गॅस आण, तुझ्या नावाने आण, माझी आग मी येगली करीन. तिघी परत निघाल्या, पण मुलीला चालवणार कशी, म्हणून आत्या जीपमध्ये बसली. डिझेल कुठलं ते ड्रायव्हरला तिने विचारलं नाही. नातीला मांडीवर घेऊन भिवंडीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

तेव्हापासून त्या घरात आत गॅस आणि मागच्या दारी तीन दगड. आत्याचा भात त्या दगडांवर शिजायचा, आणि वारा फिरला की ती टोप, लाकडं आणि दगड घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जायची. कंपनीला अर्थातच काही कळलं नाही. काही वर्षांनी निवट्या थोड्या परतल्या, बारीक, बोटाएवढ्या. आत्या त्यांना धरायची आणि परत सोडून द्यायची.

मधल्या काळात मी स्कूटर घेतली. शाळेच्या रस्त्यावर त्याच कंपनीचा पंप होता आणि मी तिथेच पेट्रोल भरायचो. आत्याने जगाला विचारलं, मला कधी विचारलं नाही, आणि ते न विचारणं मला फार जड झालं होतं. एकदा तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. स्कूटर अंगणात उभी करून मी सांगूनच टाकलं की आत्या, मी त्यांच्याच पंपावर भरतो.

ती पदर खोचत होती.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्हनून तर तुला कधी इचारला न्हाय."

रागाचा लवलेश नव्हता. पिशवी घेतली आणि रस्त्याला लागली. मी स्कूटर तिथेच ठेवून मागोमाग निघालो, पण त्या वयातही तिची चाल मला गाठता येईना. फाट्याजवळ पाहतो तो आत्या थांबलेली, मी पोहोचेपर्यंत नुसती उभी. मी धापा टाकत जवळ गेलो, तेव्हा तिने पिशवी माझ्या हातात दिली.